सोर्डबिल हमिंगबर्ड फीडरवर नाही, फुलावर पाहायचाय: इक्वेडोरच्या ढगांच्या जंगलात कुठे आणि कसा शोधावा?

पानगळ
येत्या ऑगस्टमध्ये क्विटोला जायचं नक्की झालंय. धाकटा भाऊ नोकरीनिमित्त तिथे आहे, त्यामुळे राहण्या-जेवणाची काळजी नाही. जंगलाचं मात्र माझं मलाच ठरवायचंय.

इक्वेडोरमध्ये हमिंगबर्डच्या १३०च्या आसपास जाती आहेत. बाकीच्या दिसतील तेवढ्या दिसोत, मला एक जात निवांत पाहायची आहे: सोर्डबिल, म्हणजे एन्सिफेरा एन्सिफेरा. शेपूट वगळून उरलेल्या अंगापेक्षा चोच लांब असलेला जगातला हा एकमेव पक्षी. वजन १२ ते १५ ग्रॅम, आणि चोच १० सेंटीमीटरच्या आसपास!

जिथे चौकशी केली तिथे एकच उत्तर मिळालं. अमुक लॉजवर जा, व्हरांड्यात बसा, साखरपाण्याच्या फीडरवर तो येईल. येईलही. पण ती चोच ज्या फुलासाठी घडली, त्या फुलात शिरताना पाहिली नाही तर काय पाहिलं? प्लास्टिकच्या भोकातलं पाणी प्यायला एवढ्या चोचीची गरजच नाही, शेजारचा बोटभर पक्षीही तेच पाणी पितो. मला हा पक्षी त्याच्या फुलावर पाहायचाय. कोणी पाहिलाय का? कोणतं फूल, कोणत्या उंचीवर, किती वाट पाहावी लागते, सगळं सांगा.

जर्सीकर
वाचनखूण साठवली. आमच्या न्यू जर्सीत रुबी-थ्रोटेड ही एकच जात नेमाने येते. जेमतेम ३ ग्रॅमचा जीव, आणि त्यातले कितीतरी मेक्सिकोचं आखात एका दमात ओलांडतात. मे महिन्यात पहिला दिसला की बायको साखरपाणी करायला घेते. एक वाटी साखर, चार वाट्या पाणी. लाल रंग नाही, मध नाही, आणि उन्हाळ्यात दोन दिवसांनी बाटली धुवायचीच. तुमचं फीडरबद्दलचं मत वाचून मात्र जरा वाईट वाटलं ताई.

खंड्या
पानगळ ताई, मी सोर्डबिल पाहिलाय आणि तो फीडरवरच. क्विटोच्या पूर्वेला पापायाक्ताच्या रस्त्यावर ग्वांगो लॉज आहे, उंची साधारण २७०० मीटर. तिथे तो हमखास येतो असं म्हणतात, आणि खरोखरच आला. फांदीवर बसतो तेव्हा चोच आभाळाकडे तिरकी धरतो. पिसं साफ करायला ती चोच अंगापर्यंत पोचत नाही, म्हणून पायाने खाजवतो. हे सगळं मी हाताच्या अंतरावरून पाहिलं. फुलावर असता तर पानांच्या गर्दीत क्षणभर चोच दिसली असती आणि गेला असता.

दुसरं म्हणजे फीडरला कमी लेखू नका. ते जंगल अजून उभं आहे याचं एक कारण तिथे येणाऱ्या लोकांचं तिकीट आहे. माझ्यासोबत सासूबाई होत्या, गुडघ्यांनी अधू. त्यांना चिखलाची पायवाट चढवणार होतो का? व्हरांड्यात खुर्चीवर बसून त्यांनी जे पाहिलं, ते अजून सगळ्यांना सांगत असतात.

पानगळ
खंड्या, जर्सीकर, फीडर लावू नयेत असं मी म्हटलेलंच नाही. सासूबाईंना दिसला याचा खरंच आनंद झाला. पण पक्ष्याचं रूप पाहणं वेगळं आणि तो जगतो कसा ते पाहणं वेगळं. मला दुसरं हवंय.

मिरचीभजी
एवढं लांब नाक खुपसणारे आमच्या सोसायटीतही आहेत. पाहायला तिकीट नाही. :)

कोकणकडा
इक्वेडोरला कशाला जायचं? मी मागच्या पावसाळ्यानंतर माथेरानला हमिंगबर्ड पाहिलाय. तेरड्याच्या फुलांवर हवेत एका जागी थांबून मध पीत होता. एवढासा, तपकिरी. व्हिडिओ आहे.

सुगरण
कोकणकडा, नवीन आहात, धाग्यावर स्वागत. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आहेत, भारतात एकही जात नाही. तुम्ही पाहिला तो बहुतेक हॉकमॉथ, म्हणजे दिवसा उडणारा पतंग. व्हिडिओ हळू करून बघा, डोक्यावर दोन मिशा दिसतील आणि चोचीच्या जागी गुंडाळता येणारी सोंड.

पक्षीच असेल तर शिंजीर. पण शिंजीर शक्यतो फांदीवर किंवा देठावर बसून मध पितो, हवेत तरंगला तरी क्षणभरच. आपल्या सह्याद्रीचा खास व्हिगर्सचा शिंजीर, लाल पाठीचा आणि पिवळ्या कमरेचा, एकदा महाबळेश्वरच्या बाजूला नीट पाहा. इक्वेडोर विसराल.

कोकणकडा
व्हिडिओ हळू केला. मिशा आहेत! पतंग निघाला, पण आता तो जास्तच आवडलाय.

निवडुंग
मिशांचा विषय निघालाच आहे तर हे सांगतो, पानगळच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. मादागास्करच्या एका पांढऱ्या आमरीच्या (ऑर्किडच्या) फुलाला सुमारे ३० सेंटीमीटर लांबीची नळी असते, मध तळाशी. डार्विनने १८६२ मध्ये लिहिलं की एवढ्या लांब सोंडेचा पतंग तिथे असलाच पाहिजे. तसा पतंग १९०३ मध्ये शास्त्रात नोंदवला गेला, डार्विन तेव्हा हयात नव्हता. सोर्डबिल हे त्याच गोष्टीचं अँडीजमधलं रूप आहे. फूल खोल गेलं, चोच लांबली, चोच लांबली म्हणून फूल आणखी खोल गेलं.

आणि ते फूल आपल्या ओळखीच्या घरातलं आहे. कृष्णकमळ! पॅसिफ्लोरा मिक्स्टा नावाची वेल आहे, गुलाबी-तांबूस फुलं, खाली लोंबणारी, बोटापेक्षा लांब नळी. आपल्या अंगणातल्या कृष्णकमळाची बशी पसरट असते आणि त्यावर काळे भुंगे येतात. तिकडे त्याच वंशातल्या तीसच्या वर जाती परागीभवनासाठी या एका पक्ष्यावर विसंबून आहेत असं अभ्यासक मानतात. सोर्डबिल नाहीसा झाला तर या वेलींना बी धरणं मुश्कील होईल. म्हणून ताईंचा हट्ट मला पटतो. फुलाशिवाय ती चोच समजतच नाही.

घाटमाथा
छान माहिती. एक शंका. ढगांचं जंगल म्हणजे नेमकं काय? आमच्या आंबोलीलाही जुलैत चार हात पुढचं दिसत नाही. ते ढगांचं जंगल नाही का?

निवडुंग
आंबोलीचं धुकं पावसाळ्यापुरतं, आणि उंची सुमारे ७०० मीटर. अँडीजमध्ये अमेझॉनकडून आणि प्रशांत महासागराकडून आलेली दमट हवा डोंगर चढते, ठरावीक उंचीवर तिचे ढग होतात आणि वर्षातला बहुतेक काळ जंगलातच अडकून राहतात. पावसाखेरीज ढगातूनही पाणी मिळतं. पानांवर, शेवाळावर बाष्प जमतं आणि थेंब थेंब गळत राहतं. त्यामुळे झाडाची साल दिसतच नाही. शेवाळ, नेचे, आमरी आणि अननसाच्या कुळातली ब्रोमेलिया फांदीफांदीवर. पावसाळ्यात आंबोलीच्या फांद्यांवर जे दिसतं, ते तिथे बारमाही आणि कैक पट दाट.

हमिंगबर्डच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की अशा जंगलात फुलं वर्षभर मिळतात, पण विखुरलेली. एका घळीत एक वेल, मग पुढच्या घळीत दुसरी.

वनपिंगळा
तिथली थंडी विसरू नका. रात्री एवढ्याशा पक्ष्याला शरीर गरम ठेवणं परवडत नाही, म्हणून कितीतरी हमिंगबर्ड रात्री जवळजवळ बंद पडतात. पेरूच्या अँडीजमध्ये ३८०० मीटरच्या आसपास मोजमाप केलं होतं, ते २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. ब्लॅक मेटलटेल या जातीच्या एका पक्ष्याचं तापमान ३.२६ अंश सेल्सियसपर्यंत उतरलं होतं. सकाळी पुन्हा अंगात ऊब आणून उडाला. मी हे वाचल्यावर दोन दिवस तेच सगळ्यांना सांगत होतो.

मोरपंखी
बाप रे, ३ अंश! आमचा फ्रीज यापेक्षा गरम आहे.

कंपाउंडर
पक्ष्यांची थंडी झाली, आता माणसांचं बोलू. क्विटो २८५० मीटरवर आहे. मुंबईहून उतरून दुसऱ्या दिवशी ३५०० मीटरवर पायपीट करायला जाऊ नका. पहिले दोन-तीन दिवस शहरातच हळूहळू फिरा, पाणी भरपूर प्या, जेवण हलकं ठेवा. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं ही विरळ हवेची लक्षणं आहेत. वाढत गेली तर खाली उतरणं हाच उपाय. डायमॉक्स, म्हणजे विरळ हवेच्या त्रासावरची गोळी, घ्यायची का ते इथूनच डॉक्टरांना विचारून जा, विशेषतः रक्तदाबाच्या किंवा इतर गोळ्या चालू असतील तर. आणि विषुववृत्तावरचं ऊन ढगातूनही भाजतं.

खंड्या
कंपाउंडर, अगदी बरोबर. पापायाक्ताला जाताना खिंड ४००० मीटरच्या वर आहे, तिथे गाडीतून उतरून चार पावलं भरभर टाकली तरी धाप लागते. खाली उतरलं की गरम पाण्याचे झरे आहेत, तिथे एक दिवस मुक्काम केलात तर शरीराला जुळवून घ्यायला थोडा वेळ मिळतो.

रानडुक्कर
विषयांतर करतो. युरोपातही एके काळी हमिंगबर्ड होते! जर्मनीत सापडलेले ३ कोटी वर्षांहून जुने जीवाश्म २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. चोच लांब, पंखाची हाडं हवेत तरंगणाऱ्या पक्ष्याची. म्हणजे आपल्या बाजूच्या जगातूनही हे कधीतरी गेलेत. मग इथून का नाहीसे झाले?

सुगरण
याचं ठाम उत्तर कोणाकडेच नाही. पण आपल्याकडे पळस, पांगारा, काटेसावर बघा. फुलं जाड, बसायला फांदी भक्कम. मैना, बुलबुल, कावळा, शिंजीर, सगळे बसून पितात. तिकडे लोंबत्या फुलाखाली बसायला जागाच नसते, तरंगता आलं तरच मध.

फोकस_रिंग
पानगळ ताई, कॅमेरा नेणार असाल तर एक सांगतो. हमिंगबर्डचे पंख गोठलेले, मागे काळी किंवा हिरवी पार्श्वभूमी असे जे फोटो दिसतात, त्यातले बरेचसे चार-पाच फ्लॅश लावून, फुलात पिचकारीने साखरपाणी भरून काढलेले असतात. फोटोग्राफीच्या सहलींत हे सर्रास चालतं. पक्ष्याला फ्लॅशने काही होतं की नाही यावर आमच्या ग्रुपमध्ये खूप वाद झालेत. मला स्वतःला ते फूल खोटं वाटतं, म्हणून मी सोडलं. ढगात उजेड कमी असतो, आयएसओ वाढवा, दाणेदार फोटो आला तर येऊ द्या.

जर्सीकर
फोकस_रिंग, याला मात्र अनुमोदन. फूल तरी खरं हवं.

अनुदिनी
मी इक्वेडोरला कामासाठी राहिले आहे, त्यामुळे मूळ प्रश्नाकडे येते. मी सोर्डबिल फुलावर पाहिलाय.

पहिली गोष्ट जागेची. ऑगस्ट असेल तर पूर्व उतारापेक्षा पश्चिम उतार बरा. त्या दिवसांत पूर्वेला, ग्वांगोकडे, पाऊस जास्त असतो आणि पश्चिमेला कोरडे दिवस चालू असतात, फक्त वारा खूप. पिचिंचा ज्वालामुखीच्या वायव्य उतारावर यानाकोचा राखीव जंगल आहे, क्विटोहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं. होकोतोको या संस्थेने ते २००१ मध्ये राखलं, मुख्यतः ब्लॅक-ब्रेस्टेड पफलेग या अत्यंत दुर्मिळ हमिंगबर्डसाठी. पायांना पांढऱ्या पिसांचे गोंडे असलेला हा पक्षी क्विटो शहराचं मानचिन्ह आहे. तो दिसेलच असं धरून जाऊ नका. सोर्डबिल मात्र तिथे नियमित असतो. मुख्य पायवाट ३५०० मीटरच्या आसपास, बरीचशी सपाट आहे. मिंदो गाव खूप प्रसिद्ध आहे, तिथे हमिंगबर्डची रेलचेल आहे, पण उंची १२५० मीटर. सोर्डबिल एवढ्या खाली येत नाही. तो १७०० ते ३५०० मधला, आणि खरा २४००च्या वरचा.

दुसरी गोष्ट, पक्षी शोधू नका, फूल शोधा. निवडुंग यांनी सांगितलेली गुलाबी वेल जंगलाच्या कडेला, रस्त्याच्या उतारावर, झुडपांवर चढलेली असते. फुलं लांबून दिसतात. दुसरं फूल म्हणजे ब्रुगमानशिया, आपल्या धोत्र्याचं नातलग, पण झाडासारखं वाढणारं आणि फुलं उलटी लोंबणारी. त्यातली तांबडी-पिवळी जात, ब्रुगमानशिया सँग्विनिया, सोर्डबिलची आवडती. ही जंगलातच असते असं नाही! उंचावरच्या खेड्यांत लोक कुंपणाला, घराच्या परसात लावतात. मला सोर्डबिल जंगलात दिसला नाही, एका खेड्यात गोठ्यामागच्या कुंपणावर दिसला. झाड विषारी आहे, हात लावलात तर डोळे चोळू नका.

तिसरी गोष्ट वाट पाहण्याची. बाकीचे कितीतरी हमिंगबर्ड एखादं फुललेलं झुडूप बळकावून बसतात आणि दुसऱ्याला हाकलतात. सोर्डबिल तसा नाही. त्याची फेरी ठरलेली असते, या वेलीवरून त्या झाडावर, तिथून पलीकडच्या घळीत, मग पुन्हा पहिल्याकडे. म्हणून आत्ता गेला तर निराश होऊन हलू नका. जागेवर थांबा, तो परत येतो. वेलीच्या अगदी खाली उभं राहू नका, पंधरावीस पावलं मागे, आणि फुलाच्या खालच्या बाजूवर नजर ठेवा. तो खालून येतो. फूल लोंबत असतं, म्हणून शरीर जवळजवळ उभं करून चोच सरळ वर घालतो, कपाळ नळीच्या तोंडाला टेकेपर्यंत. पराग तिथेच चिकटतो. मी पाहिला तेव्हा डोक्यावर पिवळा डाग होता. मला आधी तो रंगच वाटला, मग कळलं की पराग आहे.

पानगळ
अनुदिनी, याच उत्तरासाठी धागा काढला होता! कपाळावरचा पराग वाचून अंगावर काटा आला. एक विचारते, फूल ताजं आहे की मध संपलेला आहे, हे लांबून ओळखता येतं का?

अनुदिनी
थोडंफार. कोमेजलेली नळी सुरकुतते. पण आणखी एक खूण बघा. नळीच्या बुडाशी, देठाजवळ, बारीक भोक दिसलं तर ते फ्लॉवरपिअर्सरचं काम. हा हमिंगबर्ड नाही, आकडीसारख्या चोचीचा छोटा पक्षी. समोरून चोच पोचत नाही म्हणून बाजूने भोक पाडतो आणि मध चोरतो, पराग नेत नाही. यानाकोचात निळा, डोळ्यांवर काळा मुखवटा असलेला फ्लॉवरपिअर्सर खूप आहे. ज्या वेलीच्या फुलांना भोकं कमी, तिथे थांबा.

मिरचीभजी
मुखवटा घालून चोरी! निसर्गाने पोशाखसुद्धा बरोबर दिलाय.

खंड्या
अनुदिनींचं वाचून माझ्या मतात थोडा बदल करतो. फीडरच्या बाजूने मी अजूनही आहे, पण ताई, तुम्ही ठरवलंय तसंच करा. फक्त एक सुचवतो. आधी एक सकाळ फीडरपाशी घालवा. आवाज, उडण्याची ढब, बसण्याची पद्धत डोळ्यांत बसते. मग पानांआडून नुसती सावली गेली तरी ओळखता येईल. मी तसं केलं असतं तर फुलावरचा शोधायला गेलो असतो.

निवडुंग
हे चांगलं सुचवलंत. फीडरजवळच्या फुलांकडे पक्षी कमी फिरकतात का, यावर अभ्यास झालेत आणि निष्कर्ष सगळीकडे सारखे नाहीत. म्हणून फीडरपासून दूर असलेल्या वेली निवडा, नैसर्गिक फेरी पाहायला मिळायची शक्यता जास्त.

पानगळ
ठरलं मग. पहिले दिवस शहरात, मग यानाकोचात एक सकाळ फीडरजवळ आणि उरलेला दिवस पायवाटेवर. त्यानंतर भावाला घेऊन वरच्या खेड्यांतली कुंपणं बघत फिरणार. कोणाच्या परसाबाहेर थांबायचं तर काय विचारायचं असतं?

अनुदिनी
नेहमीसारखं नमस्कार करून विचारायचं. पक्षी बघायला आलोय म्हटलं की लोक स्वतःच झाड दाखवतात. हमिंगबर्डला तिकडच्या किचवा भाषेत किंदे म्हणतात, तो शब्द वापरलात तर आजीबाईसुद्धा बाहेर येतील. सुट्टे डॉलर जवळ ठेवा, तिथे चलन अमेरिकन डॉलरच आहे आणि खेड्यात मोठी नोट मोडत नाही. वाऱ्यासाठी कानटोपी न्या.

निवडुंग
आणि पाहिलात तर एक काम करा ताई. ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनिरीक्षणाच्या नोंदी ठेवायच्या संकेतस्थळावर, नुसती पक्ष्याची नोंद टाकून थांबू नका. कोणत्या फुलावर आला, फूल किती लांब होतं, किती वेळाने परतला, हे शेरा लिहायच्या जागी लिहा, आणि फुलाचा फोटो जोडा. पक्ष्यांच्या नोंदी हजारो असतात, फुलाचं नाव त्यात फार थोडे लोक लिहितात.

पानगळ
नक्की लिहीन. मोजपट्टी आत्ताच दुर्बिणीच्या पिशवीत टाकली.